जर्मन विद्या आणि इंग्रजीची अडत

महाराष्ट्र सरकारनें इ. स. २०२४ मध्यें जर्मनींतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशीं करार केला आणि आपल्या इकडील सुमारें १०,००० कुशल माणसें तिकडे कामास पाठविण्याचा व त्यांस जर्मन भाषा सरकारी खर्चानें शिकविण्याचा बेत जाहीर केला, तेव्हांपासून जी भाषा एरवीं पुण्या-मुंबईच्या कांहीं वर्गांपुरती होती ती जिल्ह्याच्या गांवांतही बोलण्याचा विषय झाली आहे. रुग्णशुश्रूषा शिकलेली मुलगी, वीजजोडणीचें काम येणारा मुलगा, मोटार हांकणारा तरुण, यांनीं परक्या भाषेचीं दोनचार पुस्तकें पुरीं केलीं आणि त्या बळावर चांगला रोजगार मिळविला, तर त्यांत नाक मुरडण्याजोगें कांहीं नाहीं. पोटाची विद्या ती हलकी आणि पोथीची विद्या ती थोर, असली सोंवळी समजूत आम्हांस मान्य नाहीं. सरकारनें हा बेत नेटानें तडीस न्यावा, शिकूं लागलेल्या मुलांस अधांतरीं सोडूं नये, एवढेंच त्याविषयीं आमचें मागणें आहे.

आज आम्हांस लिहावयाचें आहे तें याच्या पुढल्या पायरीविषयीं. जर्मन भाषा म्हटली कीं आपल्याकडे दोनच चित्रें डोळ्यांपुढें येतात. एक, परदेशीं नोकरीस जाण्यासाठीं घेतलेला कांहीं महिन्यांचा वर्ग; आणि दुसरें, विद्यापीठाच्या एका बाजूस असलेला परकीय भाषांचा विभाग, जेथें थोडे विद्यार्थी गटे व शिलर वाचतात. हीं दोन्ही चित्रें खरीं आहेत. परंतु त्यांच्या दरम्यान जी मोठी जागा आहे ती जवळजवळ ओस आहे. जो अर्थशास्त्र शिकवितो, जो कायदा शिकवितो, जो रसायनशाळेंत काम करतो, जो संस्कृताचा किंवा समाजशास्त्राचा अध्यापक आहे, त्यानें आपल्या विषयापुरती तरी जर्मन भाषा वाचावी आणि तींत जें सांपडेल तें मराठींत किंवा हिंदींत सरळ आणून द्यावें, हा विचार आमच्या महाविद्यालयांतून फारसा कोणी मनांत आणीत नाहीं. कोणी म्हणेल, वर्ध्यासारख्या गांवीं हा विषय काढण्याचें प्रयोजन काय? प्रयोजन आहे, आणि तें वर्ध्याच्याच इतिहासांत आहे.

१९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखेस येथील मारवाडी शिक्षण मंडळाच्या शाळेंत, जिला नवभारत विद्यालय म्हणतात तींत, गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली होती, हें पुष्कळ वाचकांस वडील माणसांच्या तोंडून ठाऊक असेल. मुलांस सात वर्षें मोफत व सक्तीचें शिक्षण द्यावें, तें मातृभाषेंतून द्यावें, आणि तें एखाद्या हस्तोद्योगाभोंवतीं गुंफावें, असें त्या परिषदेंत ठरलें. योजना बांधून देण्यासाठीं जी समिति नेमली तींत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, कृष्णदास जाजू, कुमाराप्पा अशीं या जिल्ह्याशीं जडलेलीं नांवें होतीं. परंतु अध्यक्षपद ज्यांच्याकडे गेलें ते डॉ. झाकिर हुसेन दिल्लीच्या जामिया मिल्लिया संस्थेचे प्रमुख होते, आणि बर्लिन विद्यापीठाचे अर्थशास्त्राचे डॉक्टर होते. वर्धा योजना म्हणून जी जगभर गाजली तिच्या अहवालावर पहिलें नांव या गृहस्थांचें आहे.

झाकिर हुसेन यांचा व्यासंग थोडा उलगडून सांगण्याजोगा आहे. ते जर्मन वाङ्मयाचे अध्यापक नव्हते. बर्लिनमध्यें वेर्नर झोम्बार्ट यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या हाताखालीं त्यांनीं ब्रिटिश अमलांतील हिंदुस्थानच्या शेतीव्यवस्थेवर प्रबंध लिहिला आणि १९२६ सालीं पदवी घेतली. पण शिकतां शिकतां भाषा अंगीं मुरली, आणि मुरलेली भाषा एका विषयाच्या कुंपणांत राहत नाहीं. १९२४ सालीं त्यांनीं एका जर्मन सहकाऱ्याबरोबर गांधीजींच्या शिकवणुकीवर जर्मन भाषेंत पुस्तक काढलें. म्हणजे ज्या सौद्यांत आपण नेहमीं घेणारे असतों त्यांत ते देणारेही झाले. बर्लिनच्याच एका छापखान्यांत त्यांनीं गालिबचा दीवान छापून घेतला, आणि त्याचे कांहीं खिळे आपल्या हातानें जुळविले, असें सांगतात. फ्रीड्रिख लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाचा ग्रंथ त्यांनीं उर्दूंत आणला. आणि या सर्वांहून आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें म्हणजे, अर्थशास्त्र शिकावयास गेलेल्या या विद्यार्थ्यानें तेथील शाळांकडे डोळे उघडे ठेवून पाहिलें.

म्युनिक शहराच्या शाळांचा कारभार १८९५ पासून १९१९ पर्यंत गेऑर्ग केर्शेनश्टायनर या गृहस्थांकडे होता. मुलानें केवळ ऐकून व घोकून शिकूं नये, हातानें कांहीं घडवून शिकावें, असें त्यांचें म्हणणें होतें. यांत नवल तें काय, सुताराचा मुलगा रंधा मारतो तो हातानेंच, असें कोणी म्हणेल. पण केर्शेनश्टायनर यांचा मुद्दा निराळा होता. आपल्या साळुंकीच्या कुळांतला एक पक्षी तिकडे असतो. त्याच्यासाठीं लांकडी घरटें करण्याचें उदाहरण ते देत. मुलानें आधीं त्याचा आराखडा मनाशीं ठरवावा, लांकूड किती लागेल याचा हिशेब करावा, तें घडवावें, आणि शेवटीं आपण ठरविलें होतें तसें झालें कीं नाहीं हें स्वतःच मोजून पाहावें. फळी अर्ध्या बोटानें आंखूड पडली तर ती लपवितां येत नाहीं. या मोजून पाहण्यांतून बुद्धीस वळण लागतें आणि खरेपणाही अंगीं येतो, असा त्यांचा सिद्धांत. झाकिर हुसेन यांच्या शिक्षणविचारावर या माणसाचा ठसा उमटलेला होता.

आतां वर्ध्याच्या परिषदेंत काय झालें तें पाहा. गांधीजींनीं उद्योगद्वारा शिक्षणाची कल्पना मांडली आणि मुलांच्या श्रमांच्या उत्पन्नांतून शाळेचा खर्च निघावा, निदान शिक्षकाचें वेतन निघावें, असा आग्रह धरला. सभेंत बहुतेक मंडळी गांधीजींना मानणारी. अशा सभेंत झाकिर हुसेन यांनीं दोन गोष्टी स्पष्टपणें सांगितल्या. कामांतून शिक्षण ही कल्पना शिक्षणक्षेत्रांतील जाणत्यांस अगदीं नवी नाहीं, ही एक. आणि दुसरी अशी कीं, स्वावलंबनावर फाजील भर दिल्यास शिक्षक गरीब मुलांच्या श्रमांवर टपून बसतील, आणि मग टकळी ही पुस्तकापेक्षांही वाईट ठरेल. हें बोलणाऱ्यासच गांधीजींनीं समितीचें अध्यक्ष केलें, यांत दोघांचाही मोठेपणा दिसतो. समितीच्या अहवालांतही ही दृष्टि उतरली: साडेपांच तासांच्या शाळेंत ३ तास २० मिनिटें मूलोद्योगास दिलीं खरीं, पण शाळेचा खर्च निघो वा न निघो, शिक्षण म्हणून ही पद्धति स्वीकारण्यास योग्य आहे, असें अहवालानें म्हटलें.

आमच्या मतें हा आक्षेप केवळ धैर्याचा नव्हता, तो माहितीचा होता. म्युनिकच्या शाळेंत हातकाम कशासाठीं होतें हें ज्यास ठाऊक होतें त्यासच सेवाग्रामच्या टकळीचा धोका वेळेवर दिसला. कापूस आमचा, टकळी आमची, मुलें आमचीं. पण तपासण्याचा एक कांटा दुसरीकडून आलेला होता, आणि तो आणणारा मनुष्य जर्मन भाषेच्या विभागांतला नव्हता. एवढ्यानें वर्धा योजनेच्या स्वदेशीपणास बाध येतो असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं खुशाल वाटून घ्यावें. स्वतःच्या वजनावर भरंवसा असलेल्या दुकानदारास दुसऱ्याचा कांटा पाहण्याची भीति वाटत नाहीं.

व्यापारी वाचकांकरितां हीच गोष्ट बाजाराच्या भाषेंत सांगतों. परदेशीं जें ज्ञान पिकतें तें आमच्यापर्यंत बहुतेक एकाच अडत्याच्या हातून येतें, आणि तो अडत्या म्हणजे इंग्रजी भाषा. अडत्यावर आमचा राग नाहीं. त्याच्यावांचून पुष्कळांचा माल बाजारांत पोंचलाच नसता. पण जो व्यापारी जन्मभर एकाच अडत्यावर विसंबतो, त्यास मूळ भाव काय होता, मालाची प्रत कोणती होती आणि वाटेंत काय गळलें, याचा थांग कधींच लागत नाहीं. फोल्कार्ट ही स्वित्झर्लंडच्या विंटरथुर या जर्मन बोलणाऱ्या गांवची पेढी १८५१ सालीं तेथें व मुंबईस एकदमच निघाली. आणि पुढें मुंबईच्या बाजारांत मिळेल तो कापूस घेत न बसतां ती थेट वऱ्हाडांत खरेदीस उतरली. कपाशीच्या गाडीपर्यंत स्वतः गेल्यावांचून प्रत कळत नाहीं हें त्या लोकांस उमगलें होतें.

विद्येच्या बाबतींतही जर्मनांनीं हेंच केलें. शाकुंतल त्यांच्या हातीं प्रथम आलें तें अडत्याकडूनच. विल्यम जोन्सनें १७८९ सालीं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, त्यावरून गेऑर्ग फोर्स्टरनें १७९१ मध्यें जर्मन केलें, आणि तें वाचून गटेसारखा कवि हर्षभरित झाला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहींत. १८१८ सालीं बॉन विद्यापीठांत आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल यांची नेमणूक होऊन संस्कृताचें अध्यासन सुरू झालें, आणि पांच वर्षांत त्यांनीं भगवद्गीतेची मूळ संहिता लॅटिन भाषांतरासह छापून काढली. १८५५ ते १८७५ या वीस वर्षांत ब्योटलिंक आणि रोट यांनीं संस्कृत-जर्मन महाकोश पुरा केला. आज आमचा संस्कृताचा विद्यार्थी मोनियर विल्यम्सचा इंग्रजी कोश उघडतो, त्याच्या पायांत या जर्मन कोशाचे दगड आहेत. ऋग्वेदाचें गेल्डनर यांचें संपूर्ण जर्मन भाषांतर १९५१ सालीं निघालें. त्या तोलाचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर हातीं येण्यास २०१४ साल उजाडावें लागलें. त्रेसष्ट वर्षें वेदाभ्यासाचा एक दरवाजा ज्यांस जर्मन येत नाहीं त्यांस अर्धाच उघडा होता. वेद आमचे, आणि तिष्ठत बसलों आम्ही!

अर्थशास्त्राचें पाहा. लिस्टचा मूळ ग्रंथ १८४१ सालचा. बाल्यावस्थेंतील उद्योगधंद्यांस बलाढ्य परकी चढाओढीपासून संरक्षण दिल्यावांचून मागासलेलें राष्ट्र वर येत नाहीं, हें त्याचें सार. विलायतेंत त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें १८८५ मध्यें, आणि न्यायमूर्ति रानडे यांनीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर आपलें प्रसिद्ध व्याख्यान देऊन लिस्टच्या विचारांचा आधार घेतला तो १८९२ मध्यें. ज्या विचाराची गरज आम्हांस सर्वांत अधिक होती, आणि ज्या इंग्रज व्यापाऱ्यांस तो सर्वांत नकोसा होता, तो त्यांच्याच भाषेंतून येण्यास चाळिसांहून अधिक वर्षें लागलीं यांत नवल नाहीं. अडत्या आपल्या दुकानाच्या विरुद्ध जाणारा माल घाईनें उतरवीत नसतो. याच्या उलट उदाहरण कलकत्त्याचें. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या दोन तरुणांनीं आइन्स्टाइन व मिंकोव्स्की यांचे सापेक्षतावादावरील निबंध मूळ जर्मनांतून घेऊन १९२० सालीं कलकत्ता विद्यापीठातर्फे इंग्रजींत छापले. विलायतेंतून भाषांतर येण्याची वाट पाहिली नाहीं. चारच वर्षांनीं बोस यांनीं आपला निबंध आइन्स्टाइनकडे धाडला, तो आइन्स्टाइननें स्वतः जर्मनांत उतरवून छापविला, आणि बोस यांचें नांव पदार्थविज्ञानांत कायमचें झालें.

महाराष्ट्रांत अशी परंपरा नव्हती असें नाहीं. मार्टिन हाउग व फ्रान्झ कीलहॉर्न पुण्यास, गेऑर्ग ब्यूलर मुंबईस, असे जर्मन पंडित एकोणिसाव्या शतकांत येथें शिकवीत होते. रामकृष्णपंत भांडारकरांस ग्योटिंगेन विद्यापीठानें १८८५ सालीं सन्मानाची पदवी दिली. विष्णु सीताराम सुखटणकर केंब्रिजला गणित शिकून बर्लिनला ल्यूडर्स यांच्याकडे गेले, आणि तेथें मिळालेली पाठशोधनाची शिस्त त्यांनीं १९२५ पासून भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संपादनांत ओतली. रा. ना. दांडेकर १९३८ सालीं हायडेलबर्गचे डॉक्टर झाले. लोकमान्य टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत जर्मन भाषेचीं पुस्तकें पुढें घेऊन स्वतःच अभ्यास केला. डॉ. आंबेडकर यांनीं बॉन विद्यापीठांत नांव दाखल केलें होतें. दिनकर धोंडो कर्वे यांनीं रसायनशास्त्र लाइपझिगला केलें. आणि रसायनाचें म्हणाल तर बाइलश्टाइन हा त्या शास्त्राचा आकरग्रंथ १९८४ पर्यंत जर्मनांतच निघत होता.

पण या सर्वांत आम्हांस विशेष आठवण होते ती इरावतीबाई कर्वे यांची. त्या १९२८ सालीं बर्लिनला गेल्या आणि कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेंत ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं त्यांनीं माणसांच्या कवट्या मोजल्या. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील फरक वंशागणिक निराळा असतो आणि युरोपियनाची बुद्धि त्यावरून श्रेष्ठ ठरते, असा ज्यांचा ग्रह होता त्यांत खुद्द फिशर होते. इरावतीबाईंच्या मोजमापांत तसें कांहीं आढळलें नाहीं, आणि तसें आढळलें नाहीं असें त्यांनीं प्रबंधांत लिहिलें. १९३० सालीं त्या डॉक्टर होऊन परत आल्या. पुढें तीन वर्षांनीं जर्मनींत हिटलरचें राज्य आलें आणि त्याच संस्थेनें वंशश्रेष्ठतेच्या अमानुष धोरणास शास्त्राचा मुलामा दिला, हें सर्वविश्रुत आहे. जर्मन विद्येचे भक्त होण्यास आम्ही कोणास सांगत नाहीं. तिच्या घरांत जाऊन, तिच्या भाषेंत, तिच्या प्राध्यापकास 'आपलें माप चुकलें' असें सांगतां यावें इतकी ती यावी, असें आमचें म्हणणें आहे. तीस वर्षेंही पुरीं न झालेल्या एका मराठी बाईनें तें करून दाखविलें.

आतां एक अप्रिय गोष्ट. वरील यादींतील नांवें आदरणीय आहेत. परंतु त्यांतील बहुतेक पुण्या-मुंबईचीं आहेत, आणि आंबेडकरांचा सन्मान्य अपवाद सोडला तर बहुतेक समाजाच्या एकाच थरांतलीं आहेत. ही त्या व्यक्तींची चूक नव्हे. पण विद्येचा दरवाजा एकाच गल्लींत उघडत राहिला तर काय होतें याचें एक उदाहरण देतों. ग्युंटर सोन्थायमर हे हायडेलबर्गचे विद्वान. हिंदु एकत्र कुटुंबाच्या कायद्याचा अभ्यास करीत करीत ते महाराष्ट्रांत आले आणि येथील धनगरांच्या वाड्यांवर पोंचले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या ओव्या त्यांनीं धनगरांच्या तोंडून ऐकून उतरून घेतल्या, जत्रांस गेले, मेंढरांच्या वाटा पायांखालीं घातल्या. कायदा, धर्म, लोकवाङ्मय, समाजशास्त्र हे चार विषय या एका माणसांत एकत्र आले होते. या तीन देवांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें १९८९ सालीं. आणि १९९२ सालीं ते वारले. म्हणजे ज्या धनगरांनीं रात्री जागवून ओव्या सांगितल्या, त्यांच्या देवांविषयीं काय लिहिलें गेलें हें तेरा वर्षें जर्मनांत होतें आणि नंतर इंग्रजींत. ग्रंथ उत्तम आहे याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण तो ग्रंथ धनगराच्याच मुलीनें मुळांतून वाचावा, आपल्या आजीस ओवी विचारावी, आणि 'येथें साहेबांस अर्थ नीट लागला नाहीं' असें एखाद्या पानावर लिहावें, ही आमची इच्छा आहे. आमच्या जिल्ह्यांतही धनगर आहेत, आणि त्यांच्या मुली महाविद्यालयांत येऊं लागल्या आहेत. त्यांस जर्मन शिकावयाचें तर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्यें किंवा माक्स म्युलर भवनांत जावें. खोलीचें भाडें, खानावळ आणि वर्गाची फी बापानें कोठून आणावी?

बाजारांतला चतुर गृहस्थ येथें विचारील कीं, आतां हातांतला फोन क्षणांत भाषांतर करून देतो, मग हा खटाटोप कशास? देतो, हें खरें. आणि त्याचा उपयोग करूं नये असेंही आम्ही म्हणत नाहीं. पण जर्मनांतून मराठींत येतांना हें यंत्र पुष्कळदां इंग्रजीच्याच वाटेनें येतें. म्हणजे अडत्या गेला नाहीं, तो फक्त डोळ्यांआड झाला. शिवाय ज्यास वजन करतां येत नाहीं त्यास यंत्राचा कांटा बरोबर आहे कीं नाहीं हें कसें कळावें? आपल्या बाजारांत विजेचे कांटे आले म्हणून कोणी डोळे मिटून कापूस मोजून देत नाहीं.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. गांधीजींच्या वर्ध्यांत मातृभाषेचा पाट मांडावयाचा सोडून आणखी एका परक्या भाषेचें स्तोम कशास? आमचें उत्तर असें कीं, मराठीचा व हिंदीचा पाट नीट मांडावयाचा असेल तर त्यावर वाढण्यास ताजें अन्न लागतें. वर्धा योजनेनें सात वर्षांच्या शिक्षणांतून इंग्रजीस बाहेर ठेवलें, आणि त्याच योजनेचा अध्यक्ष जर्मन ग्रंथ उर्दूंत आणणारा होता. मुलास मातृभाषा, आणि विद्वानास मातृभाषेसाठीं आणखी एक भाषा: या दोहोंत विरोध नसून एकावांचून दुसरें लंगडें आहे. इंग्रजीचा भार कमी व्हावा असें ज्यांस मनापासून वाटतें त्यांनीं तर जर्मन, फ्रेंच, जपानी यांचें स्वागतच केलें पाहिजे. दुकानें अनेक असलीं म्हणजे एकाची मिजास चालत नाहीं.

करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों. वर्ध्यांत महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासून आहे. परकीय भाषा आणि भाषांतर हे दोन्ही विषय त्याच्या कक्षेंत आहेत. त्यानें, किंवा जिल्ह्यांतील दोनतीन महाविद्यालयांनीं मिळून, जर्मन वाचनाचा दोन वर्षांचा वर्ग काढावा, आणि तो भाषेच्या विद्यार्थ्यांपुरता न ठेवतां इतिहास, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य, रसायन, संस्कृत यांच्या विद्यार्थ्यांस व अध्यापकांस खुला ठेवावा. बोलण्याचा सफाईदारपणा या वर्गांत मागूं नये. कोशाच्या मदतीनें आपल्या विषयाचें पान उलगडतां यावें, एवढेंच मागावें. परीक्षा एकच: आपल्या विषयावरील, ज्याचें मराठी वा हिंदी भाषांतर झालेलें नाहीं असें दहा पानांचें जर्मन लिखाण सरळ आपल्या भाषेंत उतरवून द्यावें, आणि तें ग्रंथालयांत सर्वांसाठीं ठेवावें. वर्षाकाठीं पंधरा विद्यार्थी जरी निघाले तरी दीडशें पानें होतात. दहा वर्षांत एक कपाट भरेल. सरकारनें नोकरीच्या जर्मनासाठीं जे शिक्षक तयार केले असतील त्यांचें सहाय्य या वर्गास घेतां येईल, आणि नोकरीचा वर्ग पुरा केलेल्या मुलामुलींपैकीं ज्यांस पुढें वाचण्याची हौस वाटेल त्यांसही यांत जागा असावी. रुग्णालयांत काम करण्यासाठीं भाषा शिकलेल्या मुलीनें तिकडील शुश्रूषाशास्त्राचें एखादें चांगलें पाठ्यपुस्तक मराठींत आणलें तर सेवाग्रामच्या रुग्णालयांतील तिच्या धाकट्या बहिणींस तें लगेच उपयोगी पडेल.

पैशाचा प्रश्न उरतो. ज्या शाळेंत १९३७ ची परिषद भरली ती जमनालाल बजाज यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या औदार्यावर उभी राहिली होती. जिनिंगवाले, धान्याचे अडते, कापडवाले, सराफ यांच्या मंडळांनीं मिळून दरसाल पांच विद्यावेतनें दिलीं तरी आरंभ होतो. त्यांतील निदान तीन ज्यांच्या घरांत महाविद्यालयांत जाणारी पहिलीच पिढी आहे अशांस, आणि त्यांतही मुलींस प्रथम, द्यावींत. कोणीं किती द्यावें हें ठरविण्यास दिवाळीनंतरचा कापसाचा हंगाम बरा असतो. पण वर्ग जूनमध्यें सुरू व्हावयाचा तर वर्गणीची वही या उन्हाळ्यांतच उघडली पाहिजे. मंडळांच्या चिटणिसांनीं पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा, आणि जिल्ह्यांतील प्राचार्यांपैकीं एकदोघांस त्या सभेस बोलवावें.